पेट्री डिशमधली सर्पिल लाट आपण होऊन तुटते का?

चंचुपात्र | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात एस.वाय.च्या मुलांना बेलोसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रिया, म्हणजे आलटूनपालटून रंग बदलत राहणारी अभिक्रिया, दाखवायचं ठरवलं. सोमवारी सगळं फसलं. द्रावण लाल झालं आणि लालच राहिलं. संध्याकाळी लक्षात आलं की मुलांनी उपकरणं नळाच्या पाण्यानं विसळून तशीच घेतली होती. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड ही अभिक्रिया दाबून टाकतं. मंगळवारी सगळं ऊर्ध्वपातित पाण्यानं धुऊन घेतलं.

पोटॅशियम ब्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल, मॅलोनिक आम्ल आणि थोडं सोडियम ब्रोमाइड. एकत्र केल्यावर ब्रोमीनचा तपकिरी रंग येतो, म्हणून हे फ्यूम कपाटातच करायचं. रंग पूर्ण उडाला की फेरॉइन, म्हणजे लाल-निळा रंग दाखवणारा दर्शक. मग पेट्री डिशमध्ये जेमतेम दीड मिलिमीटरचा थर. सगळं विटकरी लाल. चारेक मिनिटांनी एका जागी निळा ठिपका आला, त्याचं कडं झालं, कडं पसरत गेलं आणि मधोमध पुन्हा ठिपका. दोन ठिकाणची कडी एकमेकांना भिडली की दोन्ही तिथेच विझत होती. तळ्यातल्या लाटा एकमेकींतून आरपार जातात, तसं इथे होत नाही. मुलं हे बघताना अगदी गप्प झाली होती.

मग एका मुलीनं डिश हलकेच कलती केली. कडं तुटलं आणि तुटलेली दोन्ही टोकं आत वळायला लागली. दोन मिनिटांत दोन जिलब्या, एक उजवीकडे फिरणारी आणि एक डावीकडे. आरशातल्या प्रतिमेसारख्या.

प्रश्न पुढचा आहे. वीसेक मिनिटांनी त्यातली एक जिलबी बाहेरच्या वेढ्यांपाशी तुटली. तुकड्यांची टोकं पुन्हा वळली, आणखी छोट्या जिलब्या झाल्या, आणि त्या अर्ध्या डिशमध्ये नुसता गोंधळ माजला. कुणी हातही लावला नव्हता. मुलांनी विचारलं, "मॅडम, ही आपोआप कशी तुटली?" मला उत्तर देता आलं नाही. सर्पिल लाट आपण होऊन तुटू शकते का? की माझ्या मांडणीतच काही चुकलं?

वाटसरू७१ | मंगळवार, रात्री १०.१५

चंचुपात्रताई, फार सुंदर लिहिलंत. मी विज्ञानाचा माणूस नाही, बँकेतून निवृत्त झालो. पण एक शंका आहे. अभिक्रिया एका दिशेनं जाते आणि संपते, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. लाल, निळं, परत लाल हे कसं? गेलेलं परत कसं येतं?

घाटवाट | बुधवार, सकाळी ७.०५

माझी पीएचडी याच विषयावर झाली, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही. आधी वाटसरूकाकांचा प्रश्न घेतो, कारण नेमक्या याच शंकेनं एका माणसाचं आयुष्य झाकोळलं.

बोरिस बेलोसोव्ह हे सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ. १९५१ च्या सुमारास ते पेशींतल्या क्रेब्ज चक्राची (अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीची) साधी नक्कल परीक्षानळीत करू पाहत होते. सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सेरियम. द्रावण पिवळं, रंगहीन, पुन्हा पिवळं असं ठरावीक वेळाने बदलत राहिलं. त्यांनी लेख पाठवला. असं होणं शक्यच नाही म्हणून तो परत आला. अखेर १९५९ साली किरणोत्सर्ग-वैद्यकाच्या एका संकलनात छोटं टिपण छापून आलं, जे रसायनशास्त्रज्ञांच्या नजरेला पडण्याची शक्यताच कमी होती. पुढे १९६१ पासून मॉस्कोत अनातोल झाबोटिन्स्की या तरुण विद्यार्थ्यानं हे काम उचललं आणि सायट्रिक आम्लाऐवजी मॅलोनिक आम्ल घेतलं. १९७० साली झाइकिन आणि झाबोटिन्स्की यांनी पातळ थरातल्या लाटा प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी बेलोसोव्ह गेले. लेनिन पारितोषिक मिळालं ते १९८० साली, मरणोत्तर. मला हे प्रत्येक वेळी सांगताना वाईट वाटतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

काका, आता तुमचं "गेलेलं परत कसं येतं". जे संपायचं ते संपतच असतं. ब्रोमेट आणि मॅलोनिक आम्ल एकाच दिशेनं खर्च होतात, आणि ते सरले की खेळ थांबतो. वर-खाली होतात ते मधले पदार्थ. महाबळेश्वरहून निघालेलं पाणी उतारानंच समुद्राकडे जातं, कधी चढावर जात नाही. तरी वाटेत डोहात भोवरे पडतातच ना? इथे ब्रोमाइड हा ब्रेक आहे. ते एका मर्यादेखाली गेलं की ब्रोमस आम्ल स्वतःच स्वतःला भराभर वाढवतं आणि फेरॉइनचं ऑक्सिडीकरण होऊन ते निळं होतं. निळं फेरॉइन मग ब्रोमोमॅलोनिक आम्लाशी अभिक्रिया करून पुन्हा ब्रोमाइड सोडतं. ब्रेक लागला, द्रावण लाल झालं. हा सगळा ताळेबंद फील्ड, कोरोश आणि नॉयेस यांनी १९७२ साली मांडला.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो. तोवर एक सांगा, डिशमध्ये बुडबुडे होते का?

चंचुपात्र | बुधवार, सकाळी ७.५०

होते. दहा मिनिटांनंतर बरेच दिसायला लागले, बारीक मोहरीएवढे.

अर्धविराम | बुधवार, दुपारी १.३०

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा धागा वाचून काल रात्री अशा झुलणाऱ्या माध्यमांचं एक गणिती समीकरण, कॉम्प्लेक्स गिन्झबर्ग-लँडाऊ, लॅपटॉपवर चालवून पाहिलं. प्रत्येक बिंदूची फेज, म्हणजे तो झुलण्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, रंगानं दाखवली, तर सर्पिलाच्या मधोमध सगळे रंग एकाच बिंदूपाशी येतात. त्या बिंदूवर नक्की काय चालू असतं?

आणि माझ्या एका रनमध्ये लाटा बाहेर जाण्याऐवजी आत शिरताना दिसतात. प्रोग्रॅम चुकलाय का?

घाटवाट | बुधवार, रात्री ९.२०

थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी दोन प्रकारची माध्यमं वेगळी करू. पहिला प्रकार उत्तेज्य माध्यमाचा. वाळलेल्या गवताचा माळ घ्या. आपण होऊन पेटत नाही, ठिणगी लागते. पेटला की वणवा पुढे सरकतो आणि मागे राख. गवत परत उगवेपर्यंत तिथे दुसरा वणवा येऊ शकत नाही. दोन वणवे समोरासमोर आले की दोन्ही विझतात, कारण दोघांच्याही मागे राखच आहे. ताईंच्या डिशमधली कडी भिडून विझत होती ती याच कारणानं. दुसरा प्रकार आंदोलक माध्यमाचा. इथे प्रत्येक बिंदू ठिणगीविना स्वतःच झुलत असतो, आणि शेजाऱ्यांशी विसरणानं (डिफ्यूजननं, म्हणजे रेणू आपोआप पसरण्यानं) जोडलेला असतो. लाट म्हणजे इथे शेजाऱ्याशेजाऱ्यांतला झुलण्याचा फरक. पातळ थरातली नेहमीची कृती बहुधा पहिल्या प्रकाराकडे झुकते. अर्धविरामचं समीकरण पूर्णपणे दुसऱ्या प्रकाराचं आहे. सर्पिल दोन्हीकडे होतं.

आता मधला बिंदू. प्रत्येक बिंदूला आपापलं घड्याळ आहे असं समजा. सर्पिलाच्या केंद्राभोवती एक फेरी मारा. चालता चालता घड्याळं एक, दोन, तीन वाजल्याचं दाखवत जातात आणि फेरी पुरी होते तेव्हा बरोबर बारा तास झालेले असतात. फेरी लहान लहान करत न्या. तरी बारा तास तेवढेच. शेवटी एकच बिंदू उरला की त्याचं घड्याळ किती वाजल्याचं दाखवणार? उत्तर ध्रुवावर सगळी रेखावृत्तं एकत्र येतात, तिथे सूर्यावरून वेळ सांगता येत नाही, तसंच. गणितातली सुटका अशी की त्या बिंदूवर झुलण्याचा आयामच (झोक्याची उंचीच) शून्य होतो. तो बिंदू झुलतच नाही. आजूबाजूचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

यातूनच कळतं की सर्पिल इतकं चिवट का असतं. बारा तास हे हळूहळू कमी होऊन अकरा होऊ शकत नाहीत. ही पूर्ण संख्येची गोष्ट आहे. म्हणून सर्पिलं जोडीनं जन्मतात, एक उजवं आणि एक डावं, आणि जोडीनंच एकमेकांना खाऊन संपतात, किंवा एखादं भटकत कडेला जाऊन बाहेर पडतं. ताई, तुमच्या विद्यार्थिनीनं डिश कलती केली तेव्हा नेमकी एक जोडी जन्माला आली. आर्थर विन्फ्री यांनी १९७२ साली या रासायनिक सर्पिलांवर लेख लिहिला आणि विषयाला खरं वळण दिलं.

आता तुटणं. ताई, स्पष्ट सांगतो, तुमच्या डिशमध्ये जे झालं ते बहुतेक बुडबुड्यांचं काम. मॅलोनिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. बुडबुडा बसला की लाट त्याला अडते आणि तुटते. वर झाकण नसेल तर बाष्पीभवनानं थर गार होऊन आतल्या आत द्रव फिरायला लागतो, तेही लाट ओढून तोडतं. म्हणजे तोडणारा बाहेरचा होता.

पण मुलांचा प्रश्न योग्यच आहे. सर्पिल आपण होऊनही तुटतं आणि त्याचे दोन मार्ग माहीत आहेत. मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

एक मार्ग दूरचा. सर्पिल आपल्या लाटांमधलं अंतर स्वतः ठरवतं, बाहेरून ते ठरवता येत नाही. आता एसटीच्या एका मार्गावर दर दहा मिनिटांनी सुटणाऱ्या गाड्या आठवा. एक गाडी जरा रेंगाळली की थांब्यावर गर्दी वाढते, ती आणखी रेंगाळते, मागची तिला गाठते. दहा-दहा मिनिटांच्या अंतराचे वीस आणि शून्य होऊन जातात. काही मार्गांवर असा छोटा उशीर आपोआप भरून निघतो, काहींवर वाढत जातो. लाटांच्या रांगेचंही असंच. अंतर सुरक्षित पट्ट्यात असेल तर किरकोळ फरक मिटतात. पट्ट्याबाहेर असेल तर वाढतात, दोन लाटा फार जवळ येतात आणि लाट फाटते. याला एकहाउस अस्थिरता म्हणतात. म्हणजे सर्पिल स्वतःच अशा लाटा पाठवतं ज्या त्याच्या माध्यमाला पेलत नाहीत.

आणि इथेच एक खुबी आहे. फरक वाढत असतो खरा, पण लाटांबरोबर बाहेरही वाहून जात असतो. केंद्राजवळ तो अजून लहान असतो, लांब गेल्यावर मोठा होतो. त्यामुळे डिश लहान असेल तर फाटण्याआधीच फरक कडेला जाऊन संपतो आणि सर्पिल निर्दोष दिसतं. डिश मोठी केली की तेच सर्पिल मध्ये शाबूत आणि भोवती गोंधळाचा पट्टा, असं दिसतं. ओउयांग आणि फ्लेसेल यांनी १९९६ साली हे प्रत्यक्ष रसायनात दाखवलं. त्यासाठी त्यांनी सच्छिद्र काचेची पातळ चकती वापरली, जिला दोन्ही बाजूंनी ताजी रसायनं सतत मिळत राहतात. बंद डिशमध्ये रसायनं दर मिनिटाला म्हातारी होत जातात. तिथे हे शांतपणे पाहणं अवघड आहे. अस्थिरता आणखी वाढली, वाहून जाण्यापेक्षा वाढणं जोरात झालं, की मग गोंधळ आत शिरतो आणि केंद्रही गिळतो.

दुसरा मार्ग केंद्राजवळचा. सर्पिलाचं टोक नेहमी एकाच वर्तुळात फिरतं असं नाही, ते फुलाच्या पाकळ्या काढत भटकतं. भटकताना ज्या दिशेला सरकतं त्या बाजूच्या लाटा दाटतात, मागच्या विरळ होतात. रेल्वे जवळ येताना शिट्टी तीव्र आणि लांब जाताना खालच्या पट्टीत ऐकू येते, तोच डॉप्लर परिणाम. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की पुढच्या लाटेला माध्यम सावरलेलंच मिळत नाही, आणि ती टोकाजवळच तुटते. ओउयांग, स्विनी आणि ली यांनी २००० साली हाही मार्ग प्रयोगात दाखवला.

अर्धविराम, तुझ्या समीकरणात दोन खुंट्या आहेत. एक आयाम बदलल्यावर झुलण्याचा वेग किती बदलतो ते सांगते, दुसरी तरंगलांबीनुसार तो किती बदलतो ते. नेहमीच्या मांडणीत दोन्हींचा गुणाकार −१ च्या खाली गेला की सगळं माध्यम एका तालात झुलणंसुद्धा टिकत नाही. हा बेंजामिन-फायर निकष, मुळात १९६७ साली पाण्यावरच्या लाटांसाठी निघालेला. सर्पिलं मात्र त्या रेषेच्या अलीकडेच तुटायला लागू शकतात, कारण त्यांच्या लाटांचं अंतर आणखी अडचणीचं असतं.

आत जाणाऱ्या लाटा ही चूक नाही. तुझ्या समीकरणातून मूळ झुलण्याची वारंवारता वजा केलेली असते. ती परत मिळवलीस की खरी दिशा कळेल. आणि खरोखर आत जाणारी सर्पिलंही असतात. वानाग आणि एप्स्टाइन यांनी २००१ साली तेलातल्या सूक्ष्म थेंबांत हीच अभिक्रिया करून ती दाखवली.

अर्धविराम | बुधवार, रात्री ११.५५

दादा, खुंट्या त्याच ठेवल्या आणि फक्त चौकट दुप्पट केली. लहान चौकटीत सर्पिल दोन तास स्वच्छ होतं. मोठ्या चौकटीत मध्ये ते जसंच्या तसं आणि बाहेर सगळं फाटलेलं! स्क्रीनसमोर उठून उभा राहिलो. जाळी निम्मी बारीक करूनही पाहिली, तेच आलं, म्हणजे हा आकडेमोडीचा दोष नाही.

डॉ_निशिगंधा | गुरुवार, सकाळी ६.३०

मी हृदयरोग विभागात काम करते. रात्रपाळी संपवून धागा वाचला आणि झोप उडाली, कारण घाटवाट यांनी जे लिहिलंय ते आम्ही मॉनिटरवर बघतो.

हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा स्नायू हे उत्तेज्य माध्यम आहे, आंदोलक नाही. स्वतः झुलतो तो वरचा सायनस नोड, ठोक्यांचा ताल देणारा पेशींचा पुंजका. त्याची ठिणगी येते, विद्युत लाट सगळ्या स्नायूभर एकदा फिरते, मागे राख, म्हणजे दोन-तीनशे मिलिसेकंद विश्रांती. लाट कडेला जाऊन संपते आणि पुढच्या ठिणगीची वाट बघते. पण एखाद्या जुन्या अटॅकच्या व्रणापाशी लाट तुटली तर टोक वळतं. सर्पिल एकदा फिरायला लागलं की त्याला सायनस नोडची गरज उरत नाही. तोच वेगवान ठोका, टॅकिकार्डिया. आणि ते सर्पिल तुटून अनेक झाले की व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. उघड्या छातीच्या शस्त्रक्रियेत मी ते डोळ्यांनी पाहिलंय. उकळी येण्याआधी दुधाची साय थरथरते तसा सगळा स्नायू थरथरतो, आणि रक्त एक थेंबही पुढे जात नाही. मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

स्नायूत सर्पिलं फिरताना प्रत्यक्ष पाहिली ती डेव्हिडेंको, हालीफे आणि सहकाऱ्यांनी, १९९२ साली, व्होल्टेजनुसार उजळणाऱ्या रंगद्रव्याच्या मदतीनं. पण शंका फार जुनी आहे. जॉर्ज माइन्स यांनी १९१३-१४ मध्येच गोल फिरणाऱ्या लाटेची कल्पना मांडली होती. आणि ठोक्यातल्या एका नाजूक क्षणी बसलेला एकच धक्का फिब्रिलेशन सुरू करतो हेही दाखवलं होतं. क्रिकेटचा चेंडू छातीवर नेमका त्या क्षणी लागला तर धडधाकट मूल कोसळतं, ते याचमुळे.

लहान डिश आणि मोठी डिश वाचून मला गॅरी आठवले. त्यांनी १९१४ साली दाखवलं की फिब्रिलेशन टिकायला स्नायूचा पुरेसा मोठा तुकडा लागतो, लहान तुकड्यात ते आपोआप थांबतं. हे कारण त्याच जातीचं आहे का?

घाटवाट | गुरुवार, सकाळी ८.१०

डॉक्टर, अगदी तेच कारण नाही. तिथे मुख्य मुद्दा असा की सर्पिलाला फिरायला स्वतःच्या तरंगलांबीएवढी तरी जागा लागते. लहान तुकड्यात टोक कडेला आपटून बाहेर पडतं. पण आकार निर्णायक ठरणं दोन्हीकडे आहे.

हृदयात तुटण्याचं तिसरंही एक कारण मानलं जातं, ते तुम्हीच जास्त चांगलं सांगाल. एक ठोका लांब आणि एक आखूड.

डॉ_निशिगंधा | गुरुवार, दुपारी २.४०

हो, अल्टरनन्स. पेशीला विश्रांती कमी मिळाली की पुढचा विद्युत ठोका आखूड होतो. आखूड झाला म्हणजे त्यानंतरची विश्रांती लांब, मग पुढचा ठोका लांब, मग विश्रांती आखूड. हे नातं फार तीव्र असेल तर लांब-आखूड हा फरक मिटण्याऐवजी वाढतो आणि लाटेचा एखादा भाग राखेतच शिरून तुटतो. तुमच्या एसटीच्या गाड्याच. ईसीजीत काही रुग्णांच्या टी-वेव्हची (प्रत्येक ठोक्यानंतर स्नायू सावरताना उमटणाऱ्या उंचवट्याची) उंची एकाआड एक ठोक्याला बदलताना दिसते, आणि ती दिसली की आम्ही सावध होतो.

वाटसरू७१ | गुरुवार, सायंकाळी ६.२०

डॉक्टर, आता मी माझं सांगतो. २०१९ साली माझ्या छातीत आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले तर आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र, बसवला. दोन वर्षांनी एकदा भाजी निवडत बसलो होतो. अचानक डोळ्यांपुढे अंधारी, हातातली मेथीची जुडी सुटली, आणि चारपाच सेकंदांत सगळं ठीक. शॉक बसला नव्हता. तपासणीला गेल्यावर नोंद दाखवली. ठोके फार वेगात गेले होते आणि यंत्रानं त्याहून वेगात आठ बारीक पल्स दिले, त्यावर ते थांबले. मला आजपर्यंत कळलेलं नाही की धावणाऱ्याला आणखी पळवून कसं थांबवतात. विचारायला संकोच वाटत होता.

डॉ_निशिगंधा | गुरुवार, रात्री ८.५५

काका, संकोच कसला, हा फार चांगला प्रश्न आहे. आणि तुम्ही आज इथे लिहिताय याचा मनापासून आनंद वाटला.

या माध्यमांत जो स्रोत जास्त वेगवान, त्याचं राज्य असतं. दोन ठिकाणांहून लाटा निघाल्या की त्या मध्ये कुठेतरी भेटून विझतात. वेगवान स्रोताची लाट दर वेळी थोडी आधी निघते, म्हणून ती भेटण्याची जागा हळूहळू मंद स्रोताकडे सरकत जाते. तुमच्या व्रणाभोवती एक लाट गोल फिरत होती. यंत्राचे पल्स तिच्याहून वेगवान, म्हणून ते दर वेळी तिच्या जास्त जवळ पोचले. शेवटी एक पल्स फिरणाऱ्या लाटेचं डोकं आणि शेपूट यांमधल्या मोकळ्या जागेत शिरला. त्यामुळे लाटेला पुढे राख आणि मागेही राख. फिरायला वाटच उरली नाही. सायनस नोडनं ताबा परत घेतला. या उपायाला फार थोडी ऊर्जा लागते, रुग्णाला बहुधा कळतही नाही.

पण एकाची अनेक सर्पिलं झाली की हा उपाय चालत नाही. मग मोठा शॉक, बाहेरून दिला तर साधारण १२० ते २०० ज्यूल. सगळा स्नायू एकदम राख करायचा आणि पाटी कोरी. शुद्धीत असताना तो बसलेले रुग्ण नंतर कितीतरी दिवस झोपेतून दचकून उठतात. म्हणून कमी ऊर्जेत हे कसं साधेल याचा शोध मला जिव्हाळ्याचा वाटतो. लूथर, फेंटन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली कुत्र्यांच्या हृदयांवर एका मोठ्या शॉकऐवजी पाच क्षीण पल्स देऊन पाहिले, आणि ऊर्जा सरासरी ८४ टक्क्यांनी कमी लागली. रक्तवाहिन्या आणि व्रण यांच्या कडाच तिथे छोटे छोटे स्रोत बनतात आणि सर्पिलांना आतून घेरतात.

घाटवाट | गुरुवार, रात्री १०.३०

यात आपल्याकडचंही काम आहे. सीताभ्र सिन्हा, अश्विन पांडे आणि राहुल पंडित यांनी २००१ साली संगणकावरच्या प्रतिकृतीत दाखवलं की सगळ्या स्नायूला धक्का द्यायची गरज नाही. त्यावर एक जाळी कल्पायची आणि क्षीण पल्स फक्त जाळीच्या रेषांवर द्यायचे. रेषा काही काळ राख होतात, स्नायूचे छोटे छोटे वाफे पडतात आणि एका वाफ्यात सर्पिल मावत नाही. डॉक्टर, तुमचे गॅरी इथे परत आले बघा. लहान तुकड्यात टिकत नाही, तर मोठ्या तुकड्याचे थोडा वेळ लहान तुकडे करा.

आंदोलक माध्यमांतला गोंधळ आवरण्याचं फार देखणं उदाहरण बर्लिनचं आहे. प्लॅटिनमच्या चकचकीत पृष्ठभागावर निर्वात पोकळीत कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांची अभिक्रिया चालते. गेरहार्ड एर्टल यांच्या गटानं १९९० साली तिथे सर्पिलं टिपली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापाची. २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते पृष्ठभागांवरच्या अभिक्रियांच्या एकूण कामासाठी. त्याच गटानं २००१ साली केलेली युक्ती अशी: पृष्ठभागाचं चित्र सतत बघायचं, त्यावरून एक सरासरी काढायची आणि थोड्या उशिरानं त्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइडचा दाब कमीजास्त करायचा. कुठल्याही एका सर्पिलाला हात लावायचा नाही. सगळ्यांना एकच ठेका ऐकवला आणि गोंधळ शमला.

मुक्काम_पोस्ट | शुक्रवार, सकाळी ९.१५

वाचनखूण साठवली. एकच भर. मी सूक्ष्मजीवशास्त्राची. डिक्टिओस्टेलियम नावाचा मातीतला अमीबासारखा जीव उपाशी पडला की सायक्लिक एएमपी हे संदेश देणारं रसायन सोडून एकमेकांना हाका मारतो. काळ्या पार्श्वभूमीवर ॲगारची डिश ठेवून तिरकस प्रकाश टाकला की लाटा दिसतात. काही मिनिटांनी एक, आणि बऱ्याचदा सर्पिलच. हजारो पेशी त्या सर्पिलाच्या केंद्राकडे सरकतात आणि तिथे एकत्र येऊन एक देह उभा राहतो. या जीवाच्या बाबतीत सर्पिल हा आजार नाही, गोळा व्हायची जागा आहे.

चंचुपात्र | रविवार, सायंकाळी ५.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलांना बोलावून प्रयोग पुन्हा केला.

घाटवाट यांनी बुडबुडे आणि द्रवाचं फिरणं सांगितलं होतं, म्हणून या वेळी उघडा थर घेतलाच नाही. फिल्टर पेपर द्रावणात बुडवून काढला, निथळून काचेवर पसरला आणि वर लगेच पेट्री डिशचं झाकण ठेवलं. कागदात द्रव जागचा हलत नाही. पांढऱ्या कागदावर लाल-निळा रंगही जास्त उठून दिसला. कडं आल्यावर एका मुलानं काचेच्या कांडीच्या टोकानं ते एका जागी पुसलं. तुटलेली दोन्ही टोकं वळली.

मुलांनी घड्याळ लावलं. एक फेरी ४२ सेकंदांत. पट्टीनं मोजलं तर दोन निळ्या वेढ्यांमधलं अंतर साधारण साडेतीन मिलिमीटर. म्हणजे लाट मिनिटाला पाच मिलिमीटर सरकते, हा हिशेब त्यांनी फळ्यावर स्वतः केला. अर्ध्या तासानंतर फेरी ४२ वरून ५५ सेकंदांवर गेली. रसायनं म्हातारी होतात म्हणजे काय, ते त्यांना आकड्यांत दिसलं.

आणि जिलबी तुटली नाही. पन्नास मिनिटं दोन्ही सर्पिलं आपापल्या जागी फिरत राहिली, मध्ये दोघांच्या लाटा भेटून विझण्याची एक सरळ रेघ. कागद कडेनं वाळायला लागला तेव्हा बाहेरचे वेढे फिके पडत गेले, पण केंद्रं शेवटपर्यंत होती. म्हणजे त्या दिवशी तोडणारे बुडबुडेच होते. ज्या मुलीनं "आपोआप कशी तुटली?" विचारलं होतं, तिनं वहीत लिहिलंय: "आपल्या डिशमध्ये आपोआप तुटली नव्हती. आपोआप तुटायला ताजं द्रावण सतत मिळणारी मोठी डिश हवी."

आता ती विचारते आहे की दोन्ही बाजूंनी द्रावण पुरवणारी चकती आपल्या प्रयोगशाळेत करता येईल का. सच्छिद्र काच आमच्याकडे नाही. फिल्टर पेपर किंवा ॲगारचा पातळ थर दोन कप्प्यांच्या मध्ये बसवून हळूहळू द्रावण सोडलं तर चालेल का? सलाइनचा सेट आणि त्याची चकरी आहे, थेंबांचा वेग त्यानं राखता येईल. घाटवाट, तुमचं मत सांगा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी सामान जमवायला घेते.